भोंग्यानंतरची शाळा

वरळीत पोदार रुग्णालयाच्या परिसरात सुदाम काळू अहिरे मार्ग नावाचा एक छोटा रस्ता आहे. वरळीकर त्याला अभ्यास गल्ली म्हणतात. वर्दळ कमी, झाडांची सावली आणि रात्रभर जळणारे महापालिकेचे दिवे. परीक्षा तोंडावर आल्या की आजूबाजूच्या चाळींतली मुलं चटई, पाण्याची बाटली आणि पुस्तकं घेऊन इथे यायची आणि खांबाखालची जागा धरायची. वडिलांनी मॅट्रिकचा अभ्यास जिथे केला तिथेच मुलानं दहावीचा केला, अशी घरं या भागात सापडतात. अलीकडे महापालिकेनं या गल्लीचं सुशोभीकरणही केलं.

मुलं रस्त्यावर का येत, हे चाळीत शिरल्यावर कळतं. १९२० साली सुरू झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात नवरा-बायको, मुलं, म्हातारी आई, गावाहून गिरणीत चिकटायला आलेला पुतण्या, कधी खानावळीला जेवणारे दोघे-तिघे. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस दिवसा झोपलेला असे आणि पहिल्या पाळीला जाणारा रात्री. दिवा कुणासाठी लावायचा आणि कुणासाठी विझवायचा, हा रोजचा प्रश्न असे.

मुंबईच्या शिक्षणाचा इतिहास सहसा देणगीदारांच्या नावांनी सांगितला जातो. ती नावं मोठी आहेत आणि त्यांचं ऋणही मोठं आहे. पण गिरगाव ते परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात गरीब मुलामुलींना कॉलेजपर्यंत कुणी आणि कसं नेलं हे पाहू लागलं, की पैशाच्याही आधी दोन गोष्टी पुढे येतात: बसायला जागा आणि शिकायला वेळ. आणि त्या मिळाल्या तरी एका वर्षात काम संपत नाही. चौथी, सातवी, मॅट्रिक, इंटर, पदवी, पहिली नोकरी या प्रत्येक पायरीवर मूल गळू शकतं. ज्यांनी खरोखर मुलं वर काढली, ते यांतल्या एकाच पायरीवर थांबले नाहीत.

याचं सर्वांत ठळक उदाहरण लोअर परळच्या डबक चाळीतलं आहे. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ १९०४च्या सुमारास कुटुंबासह तिथे राहायला आले. खोली एकच. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तिथेच सरपण, जातं आणि शेळी. धाकट्या भीमरावाचं, म्हणजे पुढच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलेलं, पण अभ्यासाला शांतता कुठून आणायची? रामजींनी त्यावर काढलेला तोडगा धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवला आहे. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे आणि रामजी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोनला ते त्याला उठवत आणि मग आपण आडवे होत. काच नसलेल्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चाले. पुस्तक विकत घ्यायचं झालं आणि हाताशी पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. पैसे नसतील तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, आणि पेन्शन आली की सोडवून परत दिला जाई.

हे सगळं घरातलं झालं. घराबाहेरचा पहिला माणूस चर्नी रोडच्या बागेत भेटला.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलातले शिक्षक आणि मराठीतले नामवंत चरित्रकार. शाळा सुटल्यावर ते गिरगावातल्या त्या बागेत येऊन बसत. तिथे एक मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसे. चौकशी केली तेव्हा तो अस्पृश्य समाजातला असल्याचं कळलं. केळुसकर त्याला काय वाचावं ते सांगू लागले. १९०७ साली भीमराव ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाला. गुणांच्या हिशेबानं हे यश फार मोठं नव्हतं, पण त्या समाजात मॅट्रिक होणं हीच केवढी तरी गोष्ट होती. सत्काराची सभा भरली. अध्यक्षस्थानी समाजसुधारक सीताराम केशव बोले होते. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्या सभेत मुलाला भेट दिलं. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं हे महाराष्ट्राला माहीत आहे.

सत्कार करून, पुस्तक देऊन घरी जाणं सोपं होतं. केळुसकर तसे गेले नाहीत. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत पोचला आणि रामजींची ऐपत संपली. नेमकी हीच ती पायरी, जिथे शेकडो मुलं शाई-दौत बाजूला ठेवून कारकुनी शोधायला निघत. केळुसकर त्याला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजातल्या प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तकं आणि कपडे पुरवले. मधल्या काळात सकपाळ कुटुंब परळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत राहायला गेलं होतं. तिथल्या दोन खोल्यांपैकी एक अभ्यासाला मिळाली. १९१३ साली बडोद्यानं पुन्हा हात दिला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठ. मॅट्रिकच्या सत्कारापासून न्यूयॉर्कच्या बोटीपर्यंत सहा वर्षं गेली. बाप, बहिणी, एक शाळामास्तर, एक प्राध्यापक आणि एक संस्थानिक अशी माणसं लागली. यांतलं कुणीही एक आपल्या पायरीवर नसतं, तर पुढच्याला मदत करायला मुलगा उरलाच नसता.

बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. म्हणूनच त्यांची गोष्ट बहुतेक वेळा बुद्धीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण सामान्य बुद्धीच्या मुलानं काय करायचं, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईनं हुशार मुलाची सोय बरीच केली होती. १८६५ मध्ये जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात चमकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. ‘शंकरशेट स्कॉलर’ ही पदवी माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटून राही. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि तो मान त्यांना मिळाला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. तो दान म्हणून न देता कर्ज म्हणून दिला जाई. आपल्या पायावर उभा राहिलेला विद्यार्थी ते फेडी आणि तोच पैसा पुढच्याच्या कामी येई. या योजना दूरदृष्टीच्या होत्या. मात्र त्यांचं दार मॅट्रिकच्या किंवा पदवीच्या पुढे उघडत होतं. जातवार निधीही गिरगाव-दादरात बरेच होते. त्यांनी आपापल्या समाजातल्या मुलांना फी, वह्या, वसतिगृह पुरवलं. ज्या समाजाकडे पैसेवाली मंडळीच नव्हती, त्याच्या मुलांना या निधींचा उपयोग नव्हता.

मुलींची वाट आणखी निराळी. १८४८ साली स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, आणि नाना शंकरशेटांनी त्यांना पाठबळ दिलं. पण लहानपणी शाळेत जाणं आणि मोठेपणी शिकून पोट भरणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. ते पहिल्यांदा कमी केलं ते पंडिता रमाबाईंनी. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. लहानपणीच वैधव्य आलेली, विशी ओलांडलेली बाई. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, तो तिला गिरगावात घेऊन आला आणि अक्षरओळखीपासून सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं, तशी गोदूबाईही गेली. तिनं शिक्षण तडीस नेलं आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे या नावानं तिनं पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. गावदेवीत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढलं. तिथे पुस्तकी शिक्षणाबरोबर शिक्षिका, परिचारिका होण्याची तयारी करून घेतली जाई. शिक्षण आणि नोकरी यांची सांगड घालणारी शहरातली ही अगदी सुरुवातीची संस्था म्हणावी लागेल.

गिरगाव ओलांडून गिरणगावात आलं की प्रश्न वेळेचा होतो.

ज्या वयात मूल शाळेत असायला हवं, त्या वयात ते गिरणीत होतं. १८८१च्या फॅक्टरी कायद्यानं फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली. सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तास राबवायला कायद्याची परवानगी होती. १८९१ मध्ये वयाची मर्यादा नऊवर आणि तास सातवर आले. १९२२ मध्ये वय बारा आणि तास सहा झाले. मोठ्यांची गत याहून वेगळी नव्हती. पुरुषांच्या कामाला तासांची मर्यादाच नव्हती. १९११ मध्ये कापड गिरण्यांसाठी ती पहिल्यांदा आली, आणि तीही बारा तासांची. पहाटे भोंगा होई आणि दिवेलागणीला माणूस परत येई. त्यानं पाटी-पेन्सिल कधी हातात घ्यायची?

म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव शिक्षणाच्या इतिहासातही यायला हवं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले हे गृहस्थ. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद. रविवारची सुट्टी मिळायला जून १८९० उजाडला. रविवार मिळाला म्हणून सभा झाल्या, वाचनं झाली, वर्ग भरले. कामाचा प्रत्येक कमी झालेला तास गिरणगावात कुठल्या तरी वर्गाच्या उपयोगी पडला आहे. १९२२ मध्ये आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ मध्ये ५४ आणि १९४८ मध्ये ४८. रात्रशाळा नेमक्या याच काळात वाढत गेल्या, हा योगायोग नाही.

या भागातली पहिली नेटकी पावलं दोन माणसांनी टाकली. त्यांपैकी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली आणि भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची सुरुवात केली. शिंदे स्वतः जमखंडीच्या गरीब घरातून आलेले. शिष्यवृत्त्यांच्या आणि बडोद्याच्या मदतीच्या जोरावर ऑक्सफर्डपर्यंत पोचलेले. कुठल्या पायरीवर काय लागतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांची बहीण जनाबाई या कामात त्यांच्या बरोबरीनं उभी राहिली.

दुसरे नारायण मल्हार जोशी. डिलाईल रोडला आज त्यांचं नाव आहे. रोज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो लोकांना ते कामगार पुढारी म्हणून थोडेफार माहीत असतात. पण जोशी आधी शाळामास्तर होते. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रीचे वर्ग आणि फिरती वाचनालयं सुरू केली. पुस्तकांच्या पेट्या एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जात. वाचनालयात यायला वेळ नसलेल्या माणसाकडे वाचनालयच जाई. लीगचं केंद्र परळचा दामोदर हॉल. नाटक, भजन, कामगार सभा, शिवणवर्ग, रात्रशाळा, सगळं एका छताखाली. गिरणगावात इतक्या कामांना पुरणारी दुसरी वास्तू दाखवणं कठीण आहे.

याच दामोदर हॉलमध्ये २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचं कार्यालयही तिथेच आलं. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष होते, पण सभेमागची प्रेरणा डॉ. आंबेडकरांची होती. ते तेव्हा जवळच पोयबावाडीत राहत होते. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासवर्ग अग्रक्रमानं आले. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडलंही. चिमणीच्या उजेडात वाचलेल्या माणसानं सार्वजनिक कामाला हात घातला तेव्हा पहिल्यांदा छप्पर शोधलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९२५ मध्ये महापालिकेनं सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते एफ आणि जी विभागांत, म्हणजे परळ, दादर, वरळी याच पट्ट्यात.

सक्ती झाली तरी चौथीच्या पुढे मुलं टिकत नव्हती. नारायण सुर्वे यांचं आयुष्य याची साक्ष देतं. १९२६ साली रस्त्यावर सापडलेलं अर्भक गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगारानं घरी आणलं, आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. चौथी झाली आणि तेवढ्यात गंगाराम निवृत्त होऊन गावी गेले. आधार गेला आणि शिक्षणही थांबलं. मग घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतली कामं. पुढे महापालिकेच्या शाळेत ते शिपाई म्हणून लागले. घंटा वाजवता वाजवता त्यांनी अभ्यास पुन्हा हातात घेतला. १९५७ मध्ये, तिशी उलटल्यावर, ते सातवीची परीक्षा पास झाले आणि काही वर्षांत महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं, १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’. सुर्व्यांच्या जिद्दीचं कौतुक व्हावं तितकं थोडंच आहे. पण चौथी आणि सातवी या दोन इयत्तांमध्ये मुलाची वीस वर्षं गेली, याचं दुःखही तितकंच मोठं आहे. गंगारामांच्या जागी त्या वेळी दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर ही वर्षं वाचली असती. ज्यांची वर्षं अशी गेली आणि ज्यांना कविता लिहिता आली नाही, त्यांची नावं कुठेच नाहीत.

सामान्य बुद्धीच्या, नोकरी करणाऱ्या मुलानं पदवीपर्यंत कसं जायचं, याचं ठोस उत्तर १९४६ साली मिळालं. डॉ. आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. २० जून १९४६ रोजी तिचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं ते युद्धकाळात बांधलेल्या लष्करी बराकींमध्ये. पुढे ते फोर्टमधल्या बुद्ध भवन आणि आनंद भवन या इमारतींत गेलं. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर, आधी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. नव्या, गरिबांसाठी काढलेल्या कॉलेजात शिकवणारे दुय्यम असावेत ही कल्पनाच बाबासाहेबांना मान्य नव्हती.

कॉलेजची वेळ सकाळची ठेवली होती. इतर कॉलेजांत तास दिवसभर चालत, म्हणजे शिकायचं तर नोकरी सोडायची. सिद्धार्थमध्ये सकाळी तास आटोपून मुलगा दहा-साडेदहाला कचेरीच्या टेबलावर हजर होऊ शकत होता. पोस्टातले, रेल्वेतले, सचिवालयातले कारकून, पेढीवरची मुलं, दुसऱ्या पाळीला गिरणीत जाणारे असे सगळ्या जातींचे विद्यार्थी तिथे येऊ लागले. दोन पिढ्या अशाच घडल्या: सकाळी पदवीचं शिक्षण, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी धाकट्या भावंडांची शिकवणी. सोसायटीनं या कॉलेजभोवती आणखी संस्था उभ्या केल्या. १९५३ मध्ये वाणिज्य महाविद्यालय आलं, १९५६ मध्ये विधी महाविद्यालय. वडाळ्याला सिद्धार्थ विहार वसतिगृह आलं. बाहेरगावच्या दलित मुलांना त्यानं मुंबईत डोकं टेकायला जागा दिली, आणि १९७२ साली जन्मलेल्या दलित पँथरच्या कार्यकर्त्यांचं ते हक्काचं ठिकाण झालं. पदवीबरोबर आपला आवाजही शोधता यावा, असं ते वसतिगृह होतं.

बाबासाहेबांनी दुसरं एक काम दिल्लीत केलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९४३-४४च्या सुमारास अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकनंतरच्या ज्या टप्प्यावर केळुसकरांना एका मुलासाठी महाराजांचं दार ठोठावावं लागलं होतं, त्याच टप्प्यावर आता मुलाला हक्कानं अर्ज करता येणार होता. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच.

रात्रीची शाळा गिरणगावात रुजली तशी रात्रीचं कॉलेजही रुजलं. गोखले एज्युकेशन सोसायटीचं डॉ. त्र्यं. कृ. टोपे यांच्या नावाचं कला-वाणिज्य रात्र महाविद्यालय परळला आहे. टोपे हे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या नावाचं कॉलेज परळच्या कष्टकऱ्यांसाठी संध्याकाळी भरावं, हे उचितच झालं. दिवसा शिकणाऱ्यांसाठी माटुंग्याला १९३७ साली रुईया आलं, दादरला १९५४ साली कीर्ती, परळला १९६२ साली महर्षी दयानंद कॉलेज. चाळीतल्या पोराला चालत जाता येईल अशा अंतरावर कॉलेज आलं आणि घरातली पहिली पदवी गिरणगावात दिसू लागली.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी मिटलाच नाही. या संपाचा हिशेब सहसा बंद पडलेल्या गिरण्यांत आणि विकल्या गेलेल्या जमिनींत मांडतात. त्याचा एक हिशेब शाळेच्या हजेरीपटातही आहे. बापाचा पगार थांबला की मुलाची फी थांबते. थोरली मुलगी आईबरोबर पापड लाटायला बसते. मुलगा दहावीच्या वर्षी भाजीच्या गाडीवर किंवा कुरिअरच्या कचेरीत दिसतो. कुणी बायका-मुलांना कोकणात, घाटावर पाठवून दिलं. तिथली शाळा वेगळी आणि सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. तीन पिढ्यांनी मिळवलेला वेळ आणि जागा एका दशकात हातची गेली.

त्या पडझडीत जे टिकून राहिलं, त्यात वस्तीची स्वतःची मंडळं आहेत. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९३४चं. दहा दिवसांच्या गर्दीमुळे ते साऱ्या देशाला माहीत आहे. त्याची पुस्तकपेढी, ग्रंथालय आणि अभ्यासिका वर्षभर चालतात, हे मात्र लालबागबाहेर फार जणांना ठाऊक नसतं. कॉलेजची महागडी पुस्तकं वर्षभरासाठी घ्यायची, परीक्षा झाली की परत करायची आणि ती पुढच्याच्या हाती द्यायची, अशी ही साधी रीत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं तर १८९८ पासून वाचणाऱ्याला टेबल-खुर्ची दिली आहे. ऐंशीच्या दशकापासून नव्या संस्थाही आल्या. कफ परेडच्या झोपडपट्टीत १९८८ मध्ये डोअर स्टेप स्कूल सुरू झालं. त्याच वर्षी ‘प्रेरणा’नं कामाठीपुऱ्यात वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर उघडलं. ज्या वेळेला त्या मुलांना घर नसे, नेमकी तीच वेळ संस्थेनं आपली मानली. १९९१ मध्ये ‘आकांक्षा’ आली, १९९५ मध्ये ‘प्रथम’.

रात्रशाळांकडे मात्र बराच काळ कुणाचं लक्ष नव्हतं. निकिता केतकर यांनी २००८ साली ‘मासूम’ ही संस्था सुरू केली ती याच कामासाठी. रात्रशाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरते. वर्ग मिळतो, पण कपाटं, प्रयोगशाळा, ग्रंथालय बहुतेकदा बंद असतं. मुलगा सकाळपासून दुकानात, गॅरेजमध्ये, घरकामात राबून थेट शाळेत येतो, तो उपाशी असतो. मासूमनं खाऊ दिला, पुस्तकं दिली, फिरती प्रयोगशाळा आणली. नारायण मल्हार जोशींच्या पुस्तकांच्या पेट्या जशा वस्तीत जात, तशीच आता विज्ञानाची पेटी वर्गात येते. दहावीनंतर काय, हेही काम संस्थेनं आपलं मानलं.

कारण रात्रशाळेत आठवीला आलेल्या मुलानं एकही वर्ष न गमावता बी. कॉम. व्हायचं म्हटलं तर आठ वर्षं लागतात. त्यातला सर्वांत नाजूक टप्पा दहावी आणि अकरावीच्या मधला. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. त्याला कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, फेऱ्यांच्या तारखा सांभाळायच्या, आणि हे सगळं दिवसा, म्हणजे कामाच्या वेळेत. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर खातं उघडायचं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. गिरणी बंद पडली तेव्हा कुटुंब विरार, बदलापूर किंवा पनवेलच्या पलीकडे गेलेलं असतं. मग दाखल्यासाठी तिकडच्या कचेरीत जाऊन एका दिवसाची मजुरी बुडते. कागदात एक त्रुटी निघाली तर दुसऱ्या दिवसाची. मासूमसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि रात्रशाळांचे जुने शिक्षक जून-जुलैत मुलांबरोबर बसून हेच करतात: अर्ज भरतात, दाखले तपासतात, कॉलेजात फोन लावतात. मुलगा अकरावीत बसला की त्याचं नाव पुढच्या वर्षाच्या यादीत लिहून ठेवतात, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो.